निरीक्षण विहीर: मातीच्या पहिल्या नमुन्यापासून कुलूपबंद झाकणापर्यंत

भूजल निरीक्षण विहीर दिसायला अगदी साधी: ५० मिमी व्यासाचा प्लास्टिकचा पाइप, खालच्या टोकाला खाचा, वर झाकण. पाइप तयार मिळतो, खाचा कारखान्यात पाडलेल्या असतात, त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. विहीर बिघडते ती पाइपाच्या बाहेर, पाइप आणि बोअरची भिंत यांच्यामध्ये उरलेल्या जेमतेम ७० मिमीच्या पोकळीत. तिथे वाळू कुठपर्यंत भरली, बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) फुगले की कोरडेच राहिले, ग्राउट (सिमेंट आणि बेंटोनाइटचा पातळ गारा) तळापासून वर चढवले की वरून ओतले, यावर नमुन्यातले पाणी कोणत्या थरातले हे ठरते. वरच्या थरातले घाण पाणी या पोकळीतून खाली झिरपले, तर प्रयोगशाळेने कितीही काटेकोर तपासणी केली तरी ती भलत्याच पाण्याची असते. म्हणून या लेखात जास्त जागा त्या पोकळीला दिली आहे.

स्क्रीन कुठे बसवायची

स्क्रीन म्हणजे पाइपाचा खाचा असलेला भाग. तो कुठे बसवायचा हा निर्णय रिग, म्हणजे खोदायचे यंत्र, जागेवर येण्याआधी कागदावर झालेला असावा. खोदताना दिसणाऱ्या मातीप्रमाणे त्यात थोडा बदल होईल, पण "आधी खोदू, मग बघू" हे इथे चालत नाही.

पेट्रोल, डिझेल यांसारखी इंधने पाण्यापेक्षा हलकी असतात आणि भूजल पातळीवर तरंगतात. त्यांच्यासाठी स्क्रीनने पातळीला छेदून जायला हवे. ३ मीटरची स्क्रीन असेल तर साधारण १ मीटर पातळीच्या वर आणि २ मीटर खाली ठेवा. सगळी स्क्रीन पाण्यात बुडाली तर तरंगता थर विहिरीत शिरतच नाही आणि शेजारी इंधन साचलेले असूनही विहीर स्वच्छ दिसते. पातळी ऋतूनुसार २-३ मीटर वरखाली होत असेल तर एकाच स्क्रीनमध्ये सगळे बसवण्याचा अट्टहास न करता वेगवेगळ्या खोलीच्या दोन विहिरी घेतलेल्या बऱ्या.

ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावके याच्या उलट वागतात. ती पाण्यापेक्षा जड असल्याने बुडत बुडत एखाद्या घट्ट थराच्या माथ्यावर जाऊन साचतात. तिथे स्क्रीनचा तळ त्या थराच्या माथ्याला टेकलेला हवा. विरघळलेल्या प्रदूषणाचा माग काढायचा असेल तर १.५ मीटरची आखूड स्क्रीन नेमक्या थरात बसवा.

लांब स्क्रीनचा मोह टाळावा. ६ मीटरच्या स्क्रीनमध्ये अर्धा मीटर जाडीचा दूषित पट्टा बाकीच्या स्वच्छ पाण्यात पातळ होऊन जातो. दुसरा धोका जास्त वाईट: दोन थरांत दाबाचा फरक असेल तर विहीरच त्यांना जोडणारी नळी बनते आणि प्रदूषण एका थरातून दुसऱ्यात रात्रंदिवस वाहत राहते.

विहिरी किमान तीन, त्याही त्रिकोणात. एका ओळीत घेतलेल्या तीन विहिरींवरून पाणी कुठल्या दिशेने वाहते ते ठरवता येत नाही.

रिग येण्याआधी

जमिनीखालच्या वीजवाहिन्या, गॅस, पाणी, सांडपाणी आणि दूरसंचार केबल यांचे नकाशे मिळवा. पण केवळ नकाशावर विसंबू नका. लोकेटर (पुरलेल्या वाहिन्या शोधणारे यंत्र) फिरवून घ्या आणि पहिले १.५ मीटर हाताच्या ऑगरने, म्हणजे मळसूत्री गिरमिटाने, किंवा व्हॅक्यूम यंत्राने मोकळे करा. हा खड्डा मशीनच्या ऑगरपेक्षा रुंद हवा. ऑगर २०० मिमीचा असेल तर खड्डा निदान २५० मिमीचा, नाहीतर ऑगरच्या कडेला लागून गेलेली केबल नजरेतून सुटते. हाताने खणताना अचानक धुतलेली एकसारखी वाळू किंवा रंगीत पट्टी लागली तर थांबा. ती बहुतेक वेळा कुणीतरी पुरलेल्या वाहिनीवरची भर असते.

डोक्यावरच्या तारांपासून मास्टचे, म्हणजे रिगच्या उभ्या मनोऱ्याचे, अंतर कमीत कमी ३ मीटर ठेवा, उच्च दाबाच्या वाहिनीपासून त्याहून बरेच जास्त. मास्ट उभा ठेवून रिग एका बोअरवरून दुसऱ्यावर कधीही हलवू नये.

जमिनीत शिरणारी प्रत्येक वस्तू गरम पाण्याच्या उच्चदाब फवाऱ्याने धुतलेली असावी. ऑगर आणि रॉड प्रत्येक बोअरनंतर धुवा, नमुना घेणारी नळी प्रत्येक नमुन्यानंतर: फॉस्फेटविरहित साबण आणि ब्रश, मग स्वच्छ पाणी, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी. कामाचा क्रम कमी दूषित जागेकडून जास्त दूषित जागेकडे. रॉडच्या आट्यांना खनिज तेलाचे ग्रीस लावू नका. प्रयोगशाळेला ते हमखास सापडते.

बोअरमध्ये वापरायच्या पाण्याचाही एक नमुना तपासणीला पाठवा. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार झालेला असतो. तो नंतर विहिरीच्या अहवालात उमटला की तो आपणच आत घातलेला होता हे सिद्ध करायला हाच नमुना उपयोगी पडतो. किती लिटर पाणी आत घातले याची नोंद पहिल्या बादलीपासून ठेवा. पुढे विहीर धुताना तो आकडा लागणार आहे.

खोदायची पद्धत

माती आणि मऊ थर असतील, खोली ३० मीटरच्या आत असेल, तर पोकळ दांड्याचा ऑगर, म्हणजे हॉलो-स्टेम ऑगर, ही पहिली निवड. आतला व्यास १०८ मिमी, बाहेरचा सुमारे २०० मिमी, तुकडे १.५ मीटरचे. पाणी किंवा चिखल लागत नाही, नमुने दांड्याच्या आतून घेता येतात आणि विहिरीचे सगळे सामान ऑगर जागेवर असतानाच आत सोडता येते, त्यामुळे भोक ढासळत नाही. मोठे दगडगोटे लागले की मात्र ऑगर अडतो. चिकणमातीत फिरणारा ऑगर बोअरच्या भिंतीवर मातीचा लेप चढवतो. तो लेप नंतर धुऊन काढावा लागतो.

डायरेक्ट पुश पद्धतीत नळी दाबून आणि ठोकून आत घालतात. कचरा जवळजवळ निघत नाही, काम झपाट्याने होते, फक्त माती तपासायची असेल तर हीच घ्यावी. विहिरीसाठी मात्र कडेची पोकळी फार अरुंद पडते, म्हणून वाळू आधीच भोवती बांधलेली तयार स्क्रीन वापरतात.

कठीण खडकात हवेवर चालणारा डीटीएच हॅमर, म्हणजे बोअरच्या तळाशी ठोके देणारा हातोडा, लागतो. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॉम्प्रेसरचे तेल हवेबरोबर बोअरमध्ये जाते, त्यामुळे तेल पकडणारा फिल्टर हवा. आणि जोराची हवा वाफ होणारी रसायने खडकातून उडवून लावते, त्यामुळे अशा विहिरीला नमुन्याआधी जास्त विसावा द्यावा. बेंटोनाइटच्या चिखलावरचे रोटरी ड्रिलिंग खोल आणि ढासळत्या थरात काम निभावते, पण भिंतीवर बसलेला चिखल पुरता निघेल याची हमी नसते. दुसरा पर्याय असेल तर तो घ्या.

नमुने आणि लॉग

प्रमाणित पेनिट्रेशन चाचणी, म्हणजे मातीचा घट्टपणा मोजणारी एसपीटी, माहीत असलेल्यांना नवी नाही: ६३.५ किलोचा हॅमर ७५० ते ७६० मिमीवरून पाडायचा, दुभंग नळी १५० मिमीच्या तीन टप्प्यांत एकूण ४५० मिमी आत घालायची, शेवटच्या दोन टप्प्यांचे ठोके मिळून एन मूल्य. १५० मिमीला ५० ठोके लागले तरी नळी जात नसेल तर तिथेच थांबायचे. बांधकामासाठी दर १.५ मीटरला एक नमुना पुरतो. निरीक्षण विहिरीसाठी निदान पहिल्या बोअरमध्ये सलग नमुने घ्या. २०० मिमी जाडीचा चिकणमातीचा पट्टा दोन नमुन्यांच्या मधल्या फटीत सहज हरवतो, आणि प्रदूषण नेमके त्याच पट्ट्यावर अडलेले असू शकते.

नळी उघडल्यावर घाई इथे करायची: वाफ होणाऱ्या रसायनांचा नमुना सगळ्यात आधी. प्लास्टिकच्या कोअरर सिरिंजने साधारण ५ ग्रॅम माती काढून ती तडक मिथेनॉल घातलेल्या बाटलीत. ही माती ढवळायची नाही, मिसळायची नाही, उन्हात ठेवायची नाही. मग उरलेली माती पिशवीत अर्धी भरून दहा मिनिटे ठेवा आणि पीआयडीचे, म्हणजे रसायनांची वाफ मोजणाऱ्या यंत्राचे, टोक आत घालून वाचन घ्या. वास घेऊन माती ओळखण्याची जुनी सवय सोडा. नाकाला आपोआप जाणवले तर तेवढे लिहा.

लॉगमध्ये मातीचे नाव, रंग, ओलसरपणा, कणांचा आकार, घट्टपणा, ४५० मिमीपैकी किती माती हाती आली ते, आणि पीआयडीचे वाचन. रंग लगेच लिहा. खालची करडी-हिरवट माती हवा लागताच तपकिरी पडू लागते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लिहिलेला रंग खोटा ठरतो. नळीच्या वरच्या भागातली भुसभुशीत, मिसळलेली माती ही वरून पडलेली ढासळ असते. तिला थर समजून नोंदवू नका. पाणी पहिल्यांदा कुठे लागले ते लिहा, पण तीच पातळी मानू नका. चिकणमातीत पाणी झिरपून स्थिर व्हायला दिवस लागू शकतो.

घट्ट थर लागला तर

वरचा थर दूषित आहे आणि खाली चिकणमातीचा सलग थर लागला, तर तो भेदण्याआधी थांबा. आरपार गेलेला उघडा बोअर वरचे प्रदूषण काही तासांत खालच्या स्वच्छ जलधरात उतरवू शकतो. खाली जाणे गरजेचेच असेल तर दुहेरी केसिंग (बोअरच्या भिंतीला आतून लावलेला पाइप) करा. मोठ्या व्यासाचे बाहेरचे केसिंग घट्ट थरात निदान ०.६ मीटर रोवा, त्याच्या बाहेरून तळापासून ग्राउट भरा, किमान २४ तास पक्के होऊ द्या, आतले दूषित पाणी उपसा, मग लहान व्यासाच्या धुतलेल्या अवजारांनी आतून पुढे जा. थर ०.६ मीटरपेक्षा फार जाड नसेल तर हा खटाटोपही फुकट जातो. अशा ठिकाणी खोल विहीर दूषित क्षेत्राच्या बाहेर हलवलेली चांगली.

पाइप, खाचा आणि वाळू

बहुतेक कामांना शेड्यूल ४० चा ५० मिमी पीव्हीसी पाइप चालतो. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी भरतो. जोड आट्यांचे आणि बाहेरून सपाट असावेत, मध्ये ओ-रिंग. पीव्हीसीचे सोल्युशन लावून पाइप चिकटवू नका. त्यातली द्रावके पुढे कित्येक महिने नमुन्यात उतरत राहतात. शुद्ध स्वरूपातले द्रावक जमिनीत साचलेले असेल तर पीव्हीसी मऊ पडते, तिथे स्टेनलेस स्टील घ्या. पाइप कारखान्याच्या पिशवीतून बाहेर काढायचा तो बोअरमध्ये सोडतानाच, आणि हातमोजे नवे.

बारीक ते मध्यम वाळूच्या थराला ०.२५ मिमीच्या खाचा आणि २०/४० ची वाळू, म्हणजे ०.४२ ते ०.८४ मिमी कणांची, अशी जोडी जमते. जाड वाळू किंवा खडी असेल तर ०.५ मिमीच्या खाचा आणि १०/२० ची वाळू. हिशेबाने ठरवायचे असेल तर चाळणी चाचणीवरून थरातल्या मातीचा डी-३० काढा, म्हणजे ज्या आकारापेक्षा ३० टक्के माती बारीक असते तो आकार, आणि त्याला ४ ते ६ ने गुणा. त्या आकाराची, धुतलेली, गोल कणांची, एकसारखी वाळू घ्या. खाच अशी की त्या वाळूपैकी ९० टक्के तरी बाहेर अडेल. बांधकामाची नदीतली वाळू यासाठी वापरू नये. तिच्यातला बारीक गाळ आयुष्यभर नमुन्यात येत राहतो.

विहीर उभी करणे: एक उदाहरण

पाणी ६ मीटरवर आहे, इंधनाचा संशय आहे, बोअर २०० मिमीचा आहे असे धरू. स्क्रीन ५ ते ८ मीटर. बोअर ८.२ मीटरपर्यंत. वाळू तळापासून ४.४ मीटरपर्यंत, म्हणजे स्क्रीनच्या वर ०.६ मीटर. बेंटोनाइट ४.४ ते ३.४. ग्राउट ३.४ ते ०.५. त्यावर काँक्रीट.

या बोअरमध्ये कडेच्या पोकळीचे घनफळ दर मीटरला सुमारे २८.६ लिटर पडते. वाळू एकूण १०९ लिटर, वजनाने जवळपास १७५ किलो, म्हणजे २५ किलोच्या ७ गोणी. जागेवर ९ आणा. बेंटोनाइटचे तुकडे सुमारे ३२ किलो. ग्राउट ८३ लिटर. हे आकडे आदल्या दिवशी काढून फळीवर लिहून ठेवा, कारण ते खरेदीपेक्षा तपासणीला जास्त उपयोगी पडतात. ५ गोण्यांतच वाळू ४.४ मीटरवर आली असे टेप म्हणत असेल तर वाळू मध्येच अडकली आहे. ११ गोण्या ओतूनही वर येत नसेल तर बोअरची भिंत ढासळून पोकळी मोठी झाली आहे.

१. ऑगर ८.२ मीटरवर थांबवा. आतून वजन लावलेला टेप सोडून खोली मोजा. रॉड मोजून काढलेल्या खोलीवर भागवू नका.

२. ऑगरमधून २०० मिमी जाडीची वाळू टाका. पाइप थेट मातीवर टेकू नये म्हणून ही गादी.

३. तळाचे बूच, स्क्रीन, मग साधा पाइप जोडत आत सोडा. प्रत्येक तुकडा मोजून लिहा. वरच्या तोंडाला तात्पुरते झाकण लावा, नाहीतर पुढच्या पायरीतली वाळू पाइपातच जाते. पाइप वरून हलका ताणून धरा. तळावर भार दिलेला पाइप वाकतो आणि पुढे पंप त्यात अडकतो. ऑगरच्या आत सेंट्रलायझर (पाइप बोअरच्या मध्यावर धरणारे आधार) लावू नका, वाळू त्यांच्यावरच अडते. उघड्या बोअरमध्ये मात्र ते हवेत: एक स्क्रीनच्या तळाशी, एक तिच्या लगेच वर.

४. वाळू हळूहळू, बारीक धारेने. एक माणूस ओततो, दुसरा टेप सतत वरखाली करत पातळी सांगतो. वाळू ऑगरच्या टोकाच्या ०.३ ते ०.६ मीटर वर आली की ऑगर तेवढाच वर घ्या, न फिरवता. पुन्हा वाळू, पुन्हा ऑगर. स्क्रीनचा माथा झाकला गेला की विहिरीत काही मिनिटे हलके सर्जिंग करून, म्हणजे पाणी वरखाली हलवून, वाळू बसू द्या. ती थोडी खाली बसते, मग उरलेली भरा.

५. बेंटोनाइटचे तुकडे किंवा गोळ्या, तेही हळू. आपल्या उदाहरणात हा थर पाण्याच्या वर आहे, म्हणजे तो आपोआप फुगणार नाही. दर ३०० मिमीला स्वच्छ पाणी ओता, आणि पाण्याची नोंद ठेवा. निदान एक तास थांबा. या तासाला कुणी ना कुणी कात्री लावू पाहतो.

६. ग्राउट. ५० किलो सिमेंटला २ किलो बेंटोनाइट आणि ४० लिटर पाणी. बेंटोनाइट आधी पाण्यात मिसळून फुगू द्या, सिमेंट नंतर. उलट क्रमाने केले तर सिमेंटमधल्या कॅल्शियममुळे बेंटोनाइट नीट फुगत नाही आणि ग्राउट पाणी सोडते. एका घाण्यातून सुमारे ५६ लिटर ग्राउट मिळते, म्हणजे ८३ लिटरला दीड घाणा. तयारी तिनाची ठेवा. २५ मिमीचा ट्रेमी पाइप, म्हणजे ग्राउट तळापर्यंत नेणारी नळी, बेंटोनाइटच्या वर अर्ध्या मीटरपर्यंत सोडा आणि तळापासून भरा. पाइपाचे तोंड बाजूला उघडणारे हवे. सरळ खाली उघडे असेल तर ग्राउटची धार बेंटोनाइटचा थर खणून काढते. वर येणारे ग्राउट आत पाठवलेल्याइतकेच घट्ट दिसेपर्यंत पंप थांबवू नका.

७. दुसऱ्या दिवशी ग्राउट खाली बसलेले असते. वरून भरून घ्या.

बेंटोनाइट न फुगता ग्राउट ओतले तर काय होते ते नमुन्यातच कळते: पीएच १० ते ११ च्या वर जातो आणि कितीही उपसा केला तरी उतरत नाही. सिमेंटचे पाणी वाळूत शिरले आहे. त्या विहिरीतल्या धातूंच्या आकड्यांवर पुन्हा विश्वास ठेवता येत नाही, आणि दुरुस्ती म्हणजे नवी विहीर. एक तासाची बचत अशी महागात पडते.

वाळूचे दोन त्रास

पाण्याखालच्या सैल वाळूत ऑगरच्या पोकळ दांड्याचे खालचे तोंड बंद करणारा आतला प्लग काढला की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने वाळू ऑगरमध्ये एखाददोन मीटर उसळून वर येते. मग स्क्रीन ठरलेल्या खोलीला जात नाही आणि एसपीटीचे ठोकेही खोटे येतात. कारण एकच असते: ऑगरच्या आतली पाण्याची पातळी बाहेरपेक्षा खाली. उपायही त्यातूनच निघतो. प्लग काढण्याआधी आत स्वच्छ पाणी भरून पातळी बाहेरच्यापेक्षा वर ठेवा आणि प्लग सावकाश उचला. झटक्याने उचललेला प्लग पिचकारीच्या दट्ट्यासारखा वाळू ओढतो. एवढे करूनही जमत नसेल तर टोकाला लाकडी किंवा पीव्हीसीचा फेकून द्यायचा प्लग बसवून खोदा आणि शेवटी तो ठोकून खाली पाडा. तो तिथेच राहतो, त्यामुळे धुतलेला आणि रंग न लावलेला हवा.

दुसरा त्रास ऑगर आणि पाइप यांच्यात वाळू अडकण्याचा. ऑगर वर ओढला की पाइपही वर येतो. पाइपावर पेनने केलेली खूण आणि एक माणूस तिच्याकडे डोळा लावून, एवढे असले की हे पहिल्या २० मिमीलाच लक्षात येते. तेव्हा ऑगर परत खाली सोडा, बाहेरून ठोका, ट्रेमीने थोडे पाणी सोडून वाळू मोकळी करा. पाइप ओढून किंवा दाबून जबरदस्ती केली तर आटे तुटतात, आणि ते जमिनीखाली ५ मीटरवर तुटल्याचे कुणाला कळतही नाही.

वरचे बांधकाम

जमिनीच्या वर पाइप पाऊण मीटर ठेवा. त्याभोवती कुलूप लागणारे लोखंडी संरक्षक केसिंग काँक्रीटमध्ये रोवा. त्याच्या तळाशी पाणी निथळायला ६ मिमीचे छिद्र. पीव्हीसीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक छिद्र पाडा. हवा कोंडली तर पाण्याची पातळी चुकीची दिसते. भोवती ६०० बाय ६०० मिमीचा, १०० मिमी जाडीचा, बाहेरच्या बाजूला उतरता काँक्रीटचा चौथरा. वाहने फिरत असतील तर तीन-चार खांब.

रस्त्यात किंवा वाहनतळात झाकण जमिनीलगत बसवावे लागते. तिथे हवेचे छिद्र नको. रबराने फुगून घट्ट बसणारे, पाणी न शिरणारे कुलूपबंद बूच लावा आणि पेटीचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित वर ठेवा. पेटीत साचलेले पावसाचे पाणी बूच उघडण्याआधी उपसून टाका. ते विहिरीत गेले तर तो नमुना गेला. विहिरीचा क्रमांक झाकणावर आणि आतल्या बाजूलाही लिहा. झाकणे अदलाबदल होतात.

विहीर धुणे

ग्राउटला २४ ते ४८ तास द्या, मग डेव्हलपमेंट, म्हणजे विहीर धुऊन मोकळी करणे. भिंतीवरचा मातीचा लेप काढायचा, वाळूतला बारीक गाळ बाहेर आणायचा आणि आपण घातलेले पाणी परत घ्यायचे, हे तिन्ही यात होते.

आधी बेलरने, म्हणजे दोरीने सोडायच्या नळीसारख्या बादलीने, तळाचा गाळ काढा. मग पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा थोडासा लहान रबरी चकतीचा सर्ज ब्लॉक घेऊन स्क्रीनच्या वरून सुरुवात करा आणि अर्धा ते एक मीटरच्या हेलकाव्यांनी हळूहळू खाली जा. सुरुवातीलाच जोर लावला तर गाळ आत येऊन ब्लॉक अडकतो. पाच-दहा मिनिटे सर्जिंग, मग पंपाने गाळ बाहेर, पुन्हा सर्जिंग. नुसता पंप लावून भागत नाही. पाणी एकाच दिशेने ओढले की बारीक कण एकमेकांना अडवून बसतात, दोन्ही दिशांच्या हालचालीने ते सुटतात. वाफ होणारी रसायने तपासायची असतील तर हवा सोडून पाणी उसळवण्याची पद्धत वापरू नका.

किती काढायचे? आपल्या उदाहरणात पाइपात २ मीटर पाणी आहे. दर मीटरला जवळपास २.२ लिटर धरून ४.४ लिटर, आणि वाळूच्या पोकळ्यांतले साधारण १९ लिटर. बोअरमध्ये ६० लिटर पाणी घातले असेल तर त्याच्या किमान तिप्पट, म्हणजे १८० लिटर, वेगळे. गढूळपणा १० एनटीयूच्या खाली यावा हे ध्येय. गाळाच्या थरात तो येतोच असे नाही, तेव्हा सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत स्थिर झाला की थांबावे. कमी पाणी देणारी विहीर पूर्ण उपसा, भरू द्या, पुन्हा उपसा.

शेवटी तळ मोजा. ८ मीटरवर बसवलेल्या विहिरीचा तळ ७.४ वर लागत असेल तर आत ०.६ मीटर गाळ आहे आणि काम अजून बाकी आहे. नमुन्यासाठी एक ते दोन आठवडे थांबा.

पातळीची मोजणी

पीव्हीसी पाइपाच्या तोंडावर उत्तर बाजूला कायमची खाच करा. पुढची सगळी मोजमापे तिथूनच. खाचेची उंची ३ मिमीच्या अचूकतेने सर्व्हे करून घ्या. हा हट्ट वाटेल, पण हिशेब बघा: भूजलाचा उतार हजारात एक असेल तर ५० मीटर अंतरावरच्या दोन विहिरींत फरक पडतो फक्त ५० मिमी. त्यात ३० मिमीची चूक झाली तर प्रवाहाचा बाणच भलतीकडे वळतो. संरक्षक केसिंगचे तोंड मोजू नका, ते वाहनाच्या धक्क्याने हलते. तिन्ही विहिरींची पातळी एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासाभरात, एकाच टेपने घ्या.

उरलेली माती आणि उरलेले बोअर

८.२ मीटरच्या या बोअरमधून सुमारे २६० लिटर माती निघते. बाहेर येताना ती फुगते, त्यामुळे २०० लिटरचे दोन पिंप धरा. धुण्याचे पाणी वेगळ्या पिंपात. प्रत्येकावर बोअरचा क्रमांक, तारीख आणि आत काय आहे ते. तपासणीचा अहवाल येईपर्यंत काहीही जमिनीवर ओतू नये.

विहीर न बांधलेले बोअरही बुजवावे लागतात, निघालेल्या मातीने मात्र नाही. ती कधीच मूळच्याइतकी घट्ट बसत नाही आणि पाण्याला वाट देते. तळापासून ट्रेमीने ग्राउट भरा, किंवा उथळ कोरड्या बोअरमध्ये बेंटोनाइटचे तुकडे टाकून थरागणिक पाणी घाला. जुनी विहीर बंद करताना शक्य असेल तर पाइप आणि वाळू ओव्हरड्रिल करून, म्हणजे त्याच जागी मोठ्या व्यासाने पुन्हा खोदून, बाहेर काढा. तिचे ग्राउट कसे भरले होते याची नोंद सापडत नसेल तर ओव्हरड्रिलिंगला पर्याय नाही, कारण नुसता पाइप आतून भरला तरी त्याच्या बाहेरची पोकळी होती तशीच उरते.